धागा: जुने गँगस्टरपट अजून का धरून ठेवतात? आणि नागपुरात चार शनिवार दाखवायचे तर कोणते, कसे?

रिळवाला_धरमपेठ (धागाकर्ता)

मंडळी, हिवाळ्यात चार शनिवार, संध्याकाळी साडेसहाला जुने गँगस्टरपट दाखवायचा बेत पक्का होतोय. हॉल ८० खुर्च्यांचा, पडदा १२ फूट रुंद (१६:९), प्रोजेक्टर भाड्याचा. येणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतील, निवृत्त मंडळीही असतील.

दोन प्रश्न आहेत. चार कोणते निवडायचे? आणि नव्वदेक वर्षं जुने सिनेमे आजच्या पोराला का बांधून ठेवतात? ‘मारधाड खपते’ हे उत्तर नको. मारधाड मोबाइलवर फुकट आहे, रोज नवी. तिच्यासाठी कोणी शनिवारी थंडीत घराबाहेर पडणार नाही.

बर्डीकर

दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर आहे. हे सिनेमे जे दाखवत नाहीत त्याच्यावर उभे आहेत.

‘द पब्लिक एनिमी’ (१९३१, दिग्दर्शक विल्यम वेलमन, ८३ मिनिटं) घ्या. जुन्या वस्तादाला पियानोपाशी गोळी घालतात तेव्हा कॅमेरा सरकत दाराशी उभ्या मित्राच्या चेहऱ्यावर जातो. आपल्याला गोळी ऐकू येते, मग पियानोचे सूर एकदम आदळतात. बस. घोड्याला मारतात तेही पडद्याबाहेर. शेवटाकडे नायक जेम्स कॅग्नी पावसात एकटा शत्रूच्या अड्ड्यात शिरतो आणि कॅमेरा बाहेर रस्त्यावरच थांबतो. आत किती मेले हे आपण आवाजावरून मोजायचं. अख्ख्या सिनेमात पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, त्यामुळे प्रत्येक आवाज कानात रुततो.

‘स्कारफेस’ (१९३२, हॉवर्ड हॉक्स) त्याच्या पुढं जातो. कोणी मरणार असेल तर चौकटीत कुठंतरी फुली दिसते: गॅरेजच्या छताच्या कैच्यांत, बोलिंगच्या गुणपत्रिकेवर, दारावरच्या आकड्यात. गॅरेजमधलं हत्याकांड भिंतीवरच्या सावल्यांत उरकलंय. पटकथाकार बेन हेक्ट हा शिकागोत बातमीदारी केलेला माणूस, त्याला रक्त किती आणि कुठं दाखवायचं ते ठाऊक होतं.

यामागं सेन्सॉरची भीतीही होती. अमेरिकेची निर्मिती-संहिता, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं याची नियमावली, १९३० मध्ये लिहिली गेली, पण ती कडकपणे लागू झाली १९३४ मध्ये. ‘लिटल सीझर’, ‘पब्लिक एनिमी’ आणि ‘स्कारफेस’ हे तिघं त्या चार वर्षांच्या फटीतले. नियम कागदावर होते, डोळा चुकवता येत होता, पण फार उघडं दाखवलं तर कात्री ठरलेली. म्हणून आडून दाखवायची सवय लागली आणि तीच पुढं या प्रकाराची खरी कला झाली. १९३५ मध्ये तोच कॅग्नी सरकारी पोलीस होऊन ‘जी मेन’मध्ये उभा आहे. बंदूक तीच, फक्त बाजू बदलली.

एक सावधगिरी. ‘स्कारफेस’चे दोन शेवट फिरतात. एकात नायक टोनी रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी पडतो. दुसऱ्यात खटला आणि फाशी आहे, आणि त्यात टोनी झालेल्या पॉल म्युनीचा चेहरा दिसतच नाही, कारण तो तेव्हा हाताशी नव्हता. तुमच्या प्रतीत फाशी असेल तर ती दाखवू नका, सिनेमा शेवटच्या दहा मिनिटांत मरतो.

तर्रीपोहे

बाप्पा, एवढं सांगितलं अन् ‘गॉडफादर’चं नावच नाही घेतलं. नागपूरच्या माणसाले त तोच सिनेमा आपला. जिथं संत्रं दिसलं तिथं मुडदा पडते. संत्रानगरीत दाखवून राहिले त गॉडफादर पाह्यजेच!

बर्डीकर

@तर्रीपोहे भौ, संत्र्याचं कारण साधं आहे. कलादिग्दर्शक डीन टाव्हुलारिसला काळ्या-तपकिरी चौकटीत एक उजळ रंग हवा होता. अपशकुनाचा अर्थ प्रेक्षकांनी नंतर जोडला. पण फळबाजारात डॉनला, म्हणजे टोळीप्रमुखाला, गोळ्या लागतात तेव्हा संत्री रस्त्यावर घरंगळतात आणि शेवटी बागेतल्या दृश्यातही तोंडात संत्र्याची फोड असते, त्यामुळे जोडलेला अर्थ आता सुटत नाही, हे मान्य.

काळोख_६५००

संत्र्याचा विषय निघालाच आहे तर तेच रंग तपासायला वापरा. प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ वर असेल तर ती संत्री लालभडक दिसतात आणि ‘कूल’ वर लिंबासारखी. रंगतापमान (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन, मोड ‘सिनेमा’. चेहरे पिवळट-तांबूस दिसले म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. छायालेखक गॉर्डन विलिसनं ते मुद्दाम तसं ठेवलंय. भाड्याच्या प्रोजेक्टरसोबत येणारा पोरगा नेमकं हेच ‘सुधारतो’, तेव्हा रिमोट त्याच्या हातून काढून घ्या.

आता मुख्य गोष्ट. हे सिनेमे काळोखात बनलेत आणि आपल्याकडच्या हॉलमध्ये काळोखच नसतो. विलिसनं डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोवर प्रकाश वरून सोडला. त्यानं मेकअप झाकला गेला आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या. समोरचा माणूस काय विचार करतोय ते कळत नाही, आणि भीती तिथंच आहे. तुमच्या पडद्यावर तो काळा रंग राखाडी झाला की डोळे दिसायला लागतात आणि डॉन म्हणजे गालात कापूस भरलेला म्हातारा उरतो.

हिशेब करू. पडदा १२ × ६.७५ फूट, म्हणजे ८१ चौरस फूट. सिनेमागृहाचा दंडक १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप). ८१ × १४ = साधारण ११३० ल्युमेन (प्रकाशाचं माप) प्रत्यक्ष पडद्यावर पडले पाहिजेत (पडद्याचा गेन, म्हणजे प्रकाश परतवण्याचं प्रमाण, १ धरून). खोक्यावरचा आकडा सगळ्यात उजळ मोडचा असतो. ‘सिनेमा’ मोडमध्ये त्याच्या निम्मा धरा आणि दिवा जुना असेल तर आणखी कमी. म्हणून ३००० ल्युमेनचा होम-सिनेमा प्रोजेक्टर पुरतो. भाड्यानं देणारे ‘साहेब, ५००० वाला घेऊन जा’ म्हणतील. तो लग्नाच्या हॉलसाठी आणि ऑफिसच्या सादरीकरणासाठी असतो, त्याचा काळा रंग धुरकट. ल्युमेन विचारू नका, नेटिव्ह कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला मूळचा फरक) विचारा. ‘ऑटो आयरिस’ (दृश्यानुसार प्रकाश आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा, नाहीतर अंधाऱ्या दृश्यात कोणी दार उघडलं की अख्खं चित्र श्वास घेतल्यासारखं उजळतं-मावळतं.

थ्रो रेशो (लेन्सचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर लेन्स पडद्यापासून १८ फुटांवर येईल. खुर्च्यांच्या ओळी त्या हिशेबानं सोडा आणि पंख्याची गरम हवा कोणाच्या तोंडावर येणार नाही ते बघा.

हॉलच्या भिंती पांढऱ्या असतील (असतातच) तर पडद्याचा प्रकाश भिंतीवर आपटून परत पडद्यावर येतो आणि सगळा कॉन्ट्रास्ट खातो. प्रोजेक्टर कितीही महाग असला तरी. पडद्यालगतची पहिली ६ फूट भिंत दोन्ही बाजूंनी आणि जमलं तर तेवढं छत काळ्या कापडानं झाका. गांधीबागेत काळं मखमली कापड थानावर मिळतं. साटण घेऊ नका, चमकतं. सुती कापडच घ्यायचं तर दुहेरी लावा.

चाचणीसाठी ‘गॉडफादर’चीच सुरुवात लावा. काळ्यावर एक चेहरा, आणि कॅमेरा जवळपास तीन मिनिटं सावकाश मागं सरतो. चेहऱ्याभोवतीचा काळा आणि पडद्याबाहेरच्या कापडाचा काळा यांत शेवटच्या ओळीतून फार फरक दिसत नसेल तर काम झालं. फरक दिसला तर ब्राइटनेस दोन-तीन पायऱ्या खाली आणा. पण कोटाच्या घड्या नाहीशा होईपर्यंत नाही.

सावजी_रस्सा

थोडं उलटं बोलतो. ‘टिकलेत, टिकलेत’ म्हणताना सूट फार दिली जातेय. १९३१ च्या सिनेमांत बायका म्हणजे तोंडावर ग्रेपफ्रूट चोळून घ्यायला ठेवलेल्या. ‘लिटल सीझर’ आज जडच जातो, त्यातला नट एडवर्ड जी. रॉबिन्सन बाजूला केला तर त्यातले अर्धे प्रसंग म्हणजे टेबलाभोवती उभी राहून बोलणारी माणसं, कारण ध्वनिमुद्रण नवं होतं आणि माइक हलवणं अवघड. आणि ‘गुन्ह्याचा शेवट वाईट’ ही पाटी सुरुवातीलाच लावायची आणि मग दीड तास गुन्हेगाराचे सूट, गाड्या, रुबाब दाखवायचा, ही लबाडी नाही का?

बर्डीकर

लबाडी आहेच. पण मजा तिच्यातच आहे! पाटी सेन्सॉरसाठी, सूट प्रेक्षकांसाठी. समीक्षक रॉबर्ट वॉरशॉनं १९४८ मध्येच लिहिलं होतं की गँगस्टर हा आधुनिक शहराचा शोकनायक आहे. वर चढण्यासाठी त्याला गर्दीतून वेगळं व्हावं लागतं, आणि वेगळा झाला की तो नेम धरायला सोपा होतो. त्याचा शेवट आपल्याला पहिल्या रिळापासून माहीत असतो.

‘लिटल सीझर’बद्दल सहमत, यादीतून काढा. बायकांबद्दलही सहमत, आणि तो दोष ‘गॉडफादर’लाही सुटलेला नाही. फक्त तिथं शेवटी बायकोच्या तोंडावर दार बंद होतं आणि सिनेमाला निदान माहीत असतं की आपण काय करतोय.

कवचकुंडल

शेवट माहीत असूनही बघणं आपल्याला नवीन नाही. कर्णाचं चाक रुतणार हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी कीर्तनात ते आख्यान लागलं की मंडप हलत नाही.

‘दीवार’ (१९७५) यादीत हवाच, आणि तो याच चष्म्यातून दाखवा. दोन भाऊ समोरासमोर, आई मनानं एकाची आणि धर्मानं दुसऱ्याची. गोदीतला ७८६ चा बिल्ला म्हणजे कवचकुंडलंच. तो छातीशी आहे तोवर गोळी लागत नाही, हातातून निसटला की संपलं. सलीम-जावेद यांच्या पटकथेत काय वगळलंय तेही बघण्यासारखं आहे. गोदामातली प्रसिद्ध मारामारी सुरू होते ती शांततेत: विजय आधीच आत येऊन बसलाय, दाराला आतून कुलूप. ठोसे नंतर. टाळी कुलुपाला पडते.

आणि मराठी माणसांचा या प्रकारातला वाटा कोणी बोललंच नाही. ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून, पटकथा विजय तेंडुलकर, कविता दिलीप चित्रे, आणि गुंड रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर. शेट्टी पडद्यावर मोजकाच आहे, आवाजही चढवत नाही. ‘परिंदा’ (१९८९) मध्ये नाना पाटेकरांचा अण्णा आगीला घाबरतो, म्हणून काडीपेटीसुद्धा शस्त्र होते. कबुतरखान्यातला खून रेणू सलुजांच्या संकलनासाठी परत परत बघावा. त्या सिनेमासाठी दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

अक्षरजुळारी

मराठी सबटायटल्स करणार असाल तर आत्ताच सुरू करा, आदल्या रात्री होत नाहीत.

ओळ ३५-३८ अक्षरांच्या वर नको, दोनच ओळी. किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. वाचनाचा वेग सेकंदाला १२ ते १५ अक्षरं धरा. कॅग्नी याच्या दुप्पट वेगानं बोलतो, म्हणून शब्दशः भाषांतर विसरा, वाक्याचा गाभा ठेवा. फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी सांभाळणाऱ्या अक्षरसंहितेत) जतन करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येईल. काही प्लेअर देवनागरीची जोडाक्षरं मोडतात, ‘शत्रू’ आणि ‘क्ष’ असलेल्या ओळी आधी तपासा. मोडत असतील तर सबटायटल्स चित्रातच कायमची उमटवून घ्या.

रंग: कृष्णधवल सिनेमात पांढऱ्या सदऱ्यावर पांढरी अक्षरं बुडतात, तिथं फिकट पिवळा आणि काळी कड. ‘गॉडफादर’ला मात्र शुभ्र किंवा पिवळा वापरू नका, ७० टक्के राखाडी घ्या. अंधाऱ्या चौकटीखाली झगझगीत अक्षरं आली की डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते आणि काळोख_६५०० यांनी जपलेले बारकावे दिसेनासे होतात. सगळ्यात जास्त नुकसान सबटायटल्सनंच होतं आणि दोष बिचाऱ्या प्रोजेक्टरला जातो.

आणि हे लिहूनच ठेवा: ‘गॉडफादर’मध्ये रेस्टॉरंटात शत्रू सोलोझो आणि डॉनचा मुलगा मायकल इटालियनमध्ये बोलतात, तिथं मूळ सिनेमात सबटायटल नाही. मुद्दाम नाही. नेटवरच्या फायलींत कोणी हौशी माणसानं ते भरलेलं असतं. काढून टाका. त्या मिनिटाला प्रेक्षकानं शब्द ऐकायचे नसतात, मायकलचे डोळे बघायचे असतात आणि वरून जाणाऱ्या आगगाडीचा वाढत जाणारा आवाज ऐकायचा असतो. तो आवाज ध्वनीचं काम बघणाऱ्या वॉल्टर मर्चनं आणला. संगीत येतं ते पिस्तूल हातातून पडल्यावर.

तर्रीपोहे

मंजे सबटायटल नाही लावायचं हेबी एक काम हाये! बरं, आवाजाचं कोण सांगते? कूलर लावून राह्यले त आगगाडी अन् कूलर एकच वाटीन.

काळोख_६५००

@तर्रीपोहे बरोबर पकडलं. म्हणूनच हिवाळा. बोलण्याचा आवाज खोलीतल्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबल वर हवा, नाहीतर व्यंजनं गळतात. डेझर्ट कूलर चालू असताना त्यासाठी व्हॉल्यूम इतका वाढवावा लागतो की गोळीच्या आवाजाला पहिल्या ओळीतले कान धरतात. मे महिन्यात हे सिनेमे दाखवायचे तर एसी हॉलच हवा.

जुना आवाज मोनो (एकाच वाहिनीचा) आहे, १९७२ चा ‘गॉडफादर’सुद्धा मुळात मोनोच. डिस्कवर मूळ मोनो ट्रॅक असेल तर तो निवडा. दोन कोपऱ्यांत दोन पेट्या ठेवून मोनो वाजवलात तर डावीकडच्यांना माणूस डावीकडून बोलल्यासारखा वाटतो. एकच चांगली पेटी पडद्याखाली मधोमध, तोंड थोडं वर. अॅम्प्लिफायरवरचे ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘सराउंड’ असले परिणाम बंद. १९३१ च्या ध्वनीवर ते लावले की सगळे विहिरीतून बोलतात.

प्रत कशी ओळखायची: ‘गॉडफादर’ १७५ मिनिटांचा आहे. फाइल १६८ मिनिटांची असेल तर कापलेली नाही, ती युरोपीय पॅल डीव्हीडीवरून आलीय. २४ चौकटींऐवजी २५ नं पळवलेली, म्हणून आवाजही किंचित चढा. ब्रँडोचा घोगरा आवाज चढा झाला तर काय उरलं? प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही २४ हर्ट्झवर ठेवा, ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद, नाहीतर डॉनचं घर मालिकेचा सेट दिसतं.

वीज: साइन वेव्ह यूपीएसवर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही. पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. दिवा तापलेला असताना वीज गेली तर पंखा थांबतो आणि दिवा फुटू शकतो. परत वीज आली म्हणून लगेच चालू करू नका, दहा मिनिटं निवू द्या.

इतवारी_एक्सप्रेस

‘गुडफेलाज’ (१९९०) कोणाच्या यादीत नाही याचं नवल वाटलं. माझं मत: या प्रकाराचं आकर्षण काळोखाइतकंच कामात आहे. धंदा कसा चालतो हे हे सिनेमे दाखवतात. पैसे कोण गोळा करतो, कोणाला किती, उधारी बुडाली की काय. तुरुंगात लसूण ब्लेडनं इतका पातळ कापतात की तेलात विरघळावा, हे आपल्याला सांगितलं जातं. मग त्या माणसावर विश्वास बसतो, आणि तिथंच आपण फसतो. कोपाकबाना क्लबातला सलग शॉट, रस्त्यावरून मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून थेट पुढच्या टेबलापर्यंत, हा कॅमेऱ्याचा खेळ नाही. रांगेत उभं न राहण्याची चैन म्हणजे काय, हे तो सुमारे तीन मिनिटांत दाखवतो. आपल्याकडं सरकारी कचेरीत ओळख असलेल्या माणसाला हे भाषांतराशिवाय कळेल.

त्याच न्यायानं फ्रेंच ‘रिफिफी’ (१९५५, ज्यूल्स डासँ). जवळपास अर्धा तास चोरी, एक शब्द नाही, संगीत नाही. छताला भोक पाडायचं, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडायची म्हणजे पडणारा चुना तिच्यात साठतो. धोक्याच्या घंटेत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरायचा. संगीतकार जॉर्ज ऑरिकनं त्या भागासाठी संगीत तयार केलं होतं, ते वापरलं नाही. हा सिनेमा दाखवताना खुर्ची करकरली तरी लोक वळून बघतात.

सावजी_रस्सा

या निकषावर ‘सत्या’ (१९९८) पहिला लागतो. मुंबईचा पाऊस, चाळ, घामेजलेले शर्ट, आणि रुबाबाला कात्री. भिकू म्हात्रे निवडणुकीच्या विजयाच्या भरात असताना, काही सूचना न देता, एका खोलीत संपतो. ना संथ गती, ना शेवटचं भाषण. १९३१ ची युक्ती उलटी केलीय: तिथं मरण पडद्याबाहेर, इथं पडद्यावर पण इतकं झटकन की डोळ्याला सापडत नाही. ‘ए’ प्रमाणपत्र आहे, दारावर वय बघा.

बर्डीकर

परवानग्यांचं थोडक्यात. घरगुती डिस्क किंवा ओटीटीचं खातं सार्वजनिक खेळाला चालत नाही, तिकीट नसलं तरी. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९३१ च्या बाबतीत तो प्रश्न मिटला, ‘गॉडफादर’, ‘दीवार’, ‘सत्या’ यांच्यासाठी हक्कधारकाकडून लेखी परवाना लागेल. सेन्सॉर प्रमाणपत्राचा मुद्दा वेगळा. त्यासाठी फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजशी संलग्न सोसायटीला सोबत घ्या आणि खेळ सदस्यांपुरता ठेवा. पत्रव्यवहाराला दोन महिने धरा. आणि तारखा ठरवताना हिवाळी अधिवेशन बघून घ्या. त्या आठवड्यांत सिव्हिल लाइन्स-सदरकडं बंदोबस्त आणि वळवलेले रस्ते, साडेसहाचा खेळ सातलाही भरणार नाही.

रिळवाला_धरमपेठ

ठरलं. क्रम असा: ‘द पब्लिक एनिमी’, ‘गॉडफादर’, ‘दीवार’, ‘सत्या’. ‘रिफिफी’ आणि ‘गुडफेलाज’ पुढच्या हंगामाला. ‘परिंदा’ची चांगली प्रत मिळाली तर तोही.

‘गॉडफादर’चं मध्यंतर कुठं घ्यावं? रेस्टॉरंटातल्या गोळीबारावर थांबलो तर चहाला बरी चर्चा होईल.

बर्डीकर

गोळीबारावर नको. तो साधारण दीड तासाला येतो. त्याच्या मागोमाग वर्तमानपत्रांची आणि पियानोची मालिका आहे, ती संपू द्या, मग दिवे लावा. आणि ‘पब्लिक एनिमी’ला शेवटी घाई करू नका. दार उघडतं, ग्रामोफोन वाजत असतो, तबकडी संपून सुई खरखरत राहते. ती खरखर हाच शेवट आहे. दिव्याच्या बटणापाशी बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

तर्रीपोहे

मध्यंतरात संत्रं वाटजा, चहा नको. पण हॉलमंदी सोलू नका देऊ.

काळोख_६५००

पहिल्या शनिवारचं राहिलंच. १९३१ ची चौकट अरुंद आहे (रुंदी-उंचीचं प्रमाण साधारण १.३७ धरा), ती पूर्ण पडद्यावर ताणू नका, कॅग्नी आधीच बुटका आहे, आणखी रुंद होईल. ६.७५ फूट उंचीला चित्र सव्वानऊ फूट रुंद येतं, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसोळा-साडेसोळा इंच मोकळे. तेवढ्या रुंदीचे मखमलीचे दोन पडदे शिवून घ्या, वर नाडी, खाली काठी. १.८५ च्या ‘गॉडफादर’ला ते काढायचे आणि वर-खाली दीड-दीड इंचाची पट्टी लावायची. गांधीबागेत जाताना माप लिहून न्या.